चित्रकथेतील विस्मृत खलपात्रे : स्वरूप आणि शक्यता

मराठीत चित्रकथेचा विचार बालसाहित्याच्या अनुषंगाने होतो आणि तो बहुधा नायकापाशी थांबतो. वेताळ, मँड्रेक, बहादूर, किंवा संतचरित्रांच्या सचित्र पुस्तिकांतील ज्ञानेश्वर-तुकाराम ही नावे वाचकांच्या स्मरणात राहिली. ज्यांच्याशी या नायकांचा संघर्ष झाला ती पात्रे मात्र विस्मृतीत गेली. कथानकाला गती देणारे पात्र हे पुष्कळदा खलपात्रच असते. म्हणून या विस्मृतीची कारणे शोधणे आणि त्या पात्रांत कोणत्या शक्यता अस्पर्शित राहिल्या हे पाहणे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आयात खलपात्र

बेनेट, कोलमन आणि कंपनीने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका सुरू केली. १९९० साली ती बंद पडली. इंग्रजी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांबरोबर ती मराठीतही निघत असे. ली फॉक यांचे मँड्रेक (१९३४) आणि फँटम म्हणजेच वेताळ (१९३६) हे दोन नायक या मालिकेचा मुख्य आधार होते. मूळ अमेरिकन कथांतील काही नावे भारतीय आवृत्तीत बदलण्यात आली. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' चाचे झाले, 'बंगाल्ला' या देशाचे 'डेंकाली' झाले आणि विसाव्या वेताळाचा खून करणाऱ्या 'रामा'चे 'रामालू' झाले. भारतीय वाचकाला खलपात्र आपल्यातले वाटू नये, हा या बदलांमागील हेतू उघड आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडली. मूळ कथेत पौर्वात्य माणसाविषयी पाश्चात्त्य मनात असलेला संशय त्या नावांतून बोलत होता. नाव बदलताच तो संशय झाकला गेला, नाहीसा झाला नाही. रामालू कोणत्या प्रदेशाचा, कोणत्या भाषेचा, हे सांगण्याची सोय उरली नाही. विसाव्या वेताळाच्या खुनाचे कृत्य ज्याचे आहे, तो माणूस अशा रीतीने चेहरा नसलेला राहिला.

मँड्रेकच्या कथांतील स्थिती थोडी वेगळी आहे. तेथे डेरेक हा मँड्रेकचा जुळा भाऊ आहे. विद्या तीच, गुरुकुल तेच. विनियोग मात्र स्वार्थासाठी. 'क्ले कॅमल' हा वेषांतरात निष्णात असलेला गुन्हेगार आपल्या कृत्याच्या जागी मातीचा उंट ठेवून जातो. आरशातील जगात राहणारा मँड्रेकचा प्रतिरूप दुष्ट 'एकार्डनाम' हे नाव तर रोमन लिपीत मँड्रेकचे नाव उलटे लिहून सिद्ध झाले आहे. देवनागरीत ही उलटापालट दिसत नाही. आरशातील प्रतिमा ही कल्पना ज्या अक्षरखेळावर उभी होती, तो खेळ लिप्यंतरात हरवला आणि वाचकाच्या हाती केवळ एक चमत्कारिक परदेशी नाव आले. अनुवादाच्या अभ्यासकाला हे उदाहरण बोधप्रद वाटेल. खलपात्राचा अर्थ कित्येकदा त्याच्या नावात असतो, आणि लिपी बदलताना सर्वांत आधी तोच गळून पडतो.

मालिकेच्या रचनेत खलपात्राला आणखी एक मर्यादा येते. त्याला पुन्हा परतावयाचे असते, म्हणून त्याने बदलून चालत नाही. तो पकडला जातो, निसटतो, पुन्हा येतो. डेरेकला पश्चात्ताप झाला आणि तो टिकला, तर त्याच्यावरील पुढची कथा संभवत नाही. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर १९७६ साली याच मालिकेत अवतरला, तेव्हा या साच्याला छेद देण्याची संधी निर्माण झाली होती. बहादूरचा पिता भैरवसिंग हा डाकू. पोलिसांच्या गोळीने मेलेला. पुत्र सूडाच्या वाटेने न जाता गावाच्या रक्षणाकडे वळतो. येथे खलत्व हा वारशाचा प्रश्न होतो. परंतु भैरवसिंग हा पूर्वकथेपुरताच राहिला. तो डाकू कसा झाला, हा प्रश्न मालिकेच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

देशी खलपात्र

या आयात परंपरेशेजारी मराठीची स्वतःची एक परंपरा उभी आहे. आळंदीहून पुण्याकडे निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी दिघीवरून जाते. दिघी आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे. परंतु आळंदी, देहू आणि वाघोली ही तिन्ही गावे तेथून एका दिवसाच्या पायी अंतरात येतात. मराठी संतचरित्रांतील तीन प्रमुख विरोधक या तीन गावांशी निगडित आहेत : आळंदीचा विसोबा चाटी, देहूचा मंबाजी गोसावी आणि वाघोलीचे रामेश्वरभट्ट. महिपतींच्या 'भक्तविजय' (१७६२) आणि 'भक्तलीलामृत' (१७७४) या ग्रंथांनी ही पात्रे घरोघरी पोहोचविली.

विसोबाची कथा सर्वज्ञात आहे. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये म्हणून त्याने कुंभारांना मना केले. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि त्यांच्या पाठीवर मांडे भाजले गेले. ते पाहून विसोबा शरण आला. पुढे हाच विसोबा खेचर नामदेवांचा गुरू झाला. 'चाटी' म्हणजे कापडाचा व्यापारी. 'खेचर' म्हणजे आकाशात संचार करणारा, योगमार्गातील एक संज्ञा. परंतु बोलीत खेचर हे जनावराचेही नाव आहे आणि मुक्ताबाईच्या तोंडी ते धिक्काराच्या अर्थाने आले, असे परंपरा सांगते. म्हणजे त्याची निर्भर्त्सना आणि त्याची सिद्धी ही दोन्ही एकाच शब्दात सामावली आहेत. एकार्डनामचे नाव देवनागरीत निरर्थक ठरते. खेचराचे नाव मराठीतच पूर्ण अर्थ देते.

रामेश्वरभट्टांचा विरोध व्यक्तिगत द्वेषाचा नव्हता, अधिकाराचा होता. शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगावा काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्या काळच्या शास्त्रव्यवस्थेचाच प्रश्न होता. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याच्या प्रसंगाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आणि तुकारामांची नित्य म्हटली जाणारी आरतीही त्यांच्याच नाममुद्रेची आहे. विरोधकानेच आरती रचावी, असा प्रवास मराठी वाङ्मयात विरळा. मंबाजी मात्र बदलत नाही. त्याने तुकारामांना काटेरी फांदीने मारले आणि तुकारामांनी रात्री त्यालाच कीर्तनाला बोलावले, एवढेच चरित्र सांगते. बहिणाबाईंच्या आत्मकथनपर अभंगांतही त्याचा जाच नोंदला गेला आहे. म्हणजे त्याला समकालीन साक्ष आहे.

विस्मृतीची कारणे

असे असूनही ही पात्रे चित्रकथेत का रुजली नाहीत? पहिले कारण दृश्य प्रतिमेचे आहे. चांगदेव विसरला गेला नाही, कारण वाघ, सापाचा चाबूक आणि चालणारी भिंत हे चित्र एकदा पाहिले की पुसले जात नाही. विसोबाच्या कथेतील चित्र आहे ते ज्ञानेश्वरांच्या पाठीचे. तो स्वतः त्या चित्राच्या कडेला उभा असतो.

दुसरे कारण चित्रपटाचे. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये खलपात्र म्हणून सालोमालो आला. हे नाव गाथेत आढळते ते दुसऱ्याच्या अभंगावर आपली मुद्रा घालणाऱ्याचे. चित्रपटाने त्याला मंबाजीचे गावकीतील वैरही दिले. सालोमालो लोकप्रिय झाला आणि मंबाजी त्याच्या सावलीत गेला.

तिसरे कारण विस्ताराचे. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेत ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्यावरही पुस्तिका निघाल्या. ३२ पानांत संताचे संपूर्ण आयुष्य सांगावयाचे, तर विरोधकाच्या वाट्याला काही चौकटी येतात. एका चौकटीत तो क्रुद्ध असतो, पुढच्या चौकटीत नतमस्तक. या दोन चौकटींमधील रिकाम्या पांढऱ्या पट्टीत त्याचे सारे आंतरिक चरित्र गडप होते.

शक्यता

चित्रकथेचे माध्यम वस्तुतः याच पांढऱ्या पट्टीवर जगते. दोन चित्रांमधील अंतर वाचक आपल्या कल्पनेने भरून काढतो. म्हणून परिवर्तन हा विषय या माध्यमाला परका नाही. त्याला अवकाश दिला गेला नाही, इतकेच. शरणागतीनंतरचा विसोबा, ज्या कुंभारांना त्याने धाक घातला त्यांच्यासमोरून पुन्हा जाताना कसा दिसला असेल? वह्या तरल्याची वार्ता ऐकल्यापासून आरती रचेपर्यंतच्या काळात रामेश्वरभट्टांनी आपल्या शिष्यांना काय शिकविले असेल? दुसऱ्याच्या ओळीखाली आपले नाव लिहिताना सालोमालोचा हात थबकला असेल काय? ही प्रत्येक शक्यता एका स्वतंत्र पुस्तिकेची सामग्री आहे. मंबाजीची तर वेगळीच. ज्याला क्षमा मिळाली आणि तरीही जो बदलला नाही, असे पात्र परिवर्तनाच्या कथेची कसोटी पाहते.

आयात खलपात्र परतते, पण बदलत नाही. देशी खलपात्र बदलते, पण त्यानंतर कथेत परतत नाही. नामदेवांच्या चरित्रात गुरू म्हणून भेटणारा विसोबा हा या नियमाला महत्त्वाचा अपवाद होय. आळंदीच्या कथेतील विरोधक दुसऱ्या संताच्या कथेत मार्गदर्शक होऊन येतो, ही रचना कोणत्याही दीर्घ चित्रमालिकेला हेवा वाटावा अशी आहे.

हा प्रश्न केवळ एका दुर्लक्षित वाङ्मयप्रकाराचा नाही. बालवाचकाला चांगले आणि वाईट यांची पहिली ओळख चित्रकथेतून होते. वाईट माणूस वाईटच राहतो, असे एक परंपरा त्याला शिकविते. तो एका क्षणात पायांवर डोके ठेवतो, असे दुसरी. या दोहोंमध्ये माणूस प्रत्यक्षात कसा बदलतो, हे सांगण्याची सामग्री मराठीजवळ सातशे वर्षांपासून आहे. तिच्याकडे अभ्यासकांनी आणि चित्रकथाकारांनी एकत्रितपणे पाहणे आवश्यक आहे.