देवमाशाचा घोटा

देवमासा हा मासा नव्हे, हे शाळेतच पाठ होतं. मग तो कोणाचा कोण, हे मात्र तिथे कोणी सांगत नाही आणि मला तर खरी गोष्ट तिथूनच सुरू होते असं वाटतं.

लिनियसने 1758 मध्ये त्याला माशांतून काढून सस्तनांत बसवलं. तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, हे अ‍ॅरिस्टॉटललाही ठाऊक होतं. पण सस्तनांत त्याचं घर कुठलं? मागचे पाय गेलेले, केस जवळजवळ नाहीत. ताडून पाहायला हाताशी फार थोडं उरलेलं. नुसतं साम्य फसवतं. शार्क आणि डॉल्फिन सारखे दिसतात ते पाण्यामुळे, नात्यामुळे नव्हे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी 1950 मध्ये याचा नियमच घालून दिला: एकाच पूर्वजाकडून मिळालेलं नवं लक्षण दोघांत असेल, तरच ते जवळच्या नात्याचा पुरावा.

हाडं अभ्यासणाऱ्यांनी दातांवरून देवमाशाचं मूळ खूर असलेल्या, नामशेष झालेल्या मांसाहाऱ्यांत शोधलं. रक्तातली प्रथिनं मात्र गाय-डुकरांच्या समखुरी गणाकडे बोट दाखवत होती. पुढे 1990 च्या दशकात जपानमध्ये नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनएत मध्येच घुसलेले तुकडे तपासले. दोन पोथ्यांत त्याच ओळीवर तीच चूक सापडली, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या असं आपण धरतो, हेही तसंच. या चुका देवमासा आणि पाणघोडा यांच्यात समान निघाल्या. तरी दातवाले मागे हटेनात.

माझ्या टेबलावर बोकडाच्या मागच्या पायातलं घोट्याचं हाड आहे. खाटकाकडून मागून आणलं, उकळून साफ केलं. मोठ्या सुपारीएवढं असेल. अंगठा फिरवला की वर एक खोबण लागते, खाली दुसरी. रहाटाच्या दोन कप्प्या एकमेकींना जोडल्यासारख्या. कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या घोट्यात वरची कप्पी असते, खालची नसते. दोन्ही फक्त समखुरींत.

2001 मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय शाबूत असलेल्या आदिम देवमाशांचे घोटे दोन गटांनी जाहीर केले. दोन्हीकडे हीच जोडकप्पी. दातांच्या बाजूने उभे असलेल्या फिलिप गिंगरिच यांनी स्वतःला सापडलेलं हाड पाहून मत बदललं. याला मी विज्ञानातला मोठा क्षण मानतो.

मग वर्गीकरणही बदलावं लागलं. कोकणातून बाहेर गेलेल्या, आडनाव आणि धंदा बदललेल्या शाखेलाही कुळवृत्तांतात जागा असते. ती वगळली तर कुळवृत्तांतच अपुरा. देवमाशाला सोडून समखुरींचा गण पुरा होत नाही.

यातला एक धागा आपल्याकडचा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि कानाजवळचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाड होती, आणि अशी कड तोवर देवमाशांचीच खूण मानली जात होती. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कवटी होती इंडोह्यूसची: मांजराहून जरा मोठा, चार पायांचा, खुरांचा प्राणी.