दर सोळा सेकंदांना एक संगणक

१ एप्रिल २०२० ते १७ जानेवारी २०२१ हे दिवस मोजले तर भरतात २९२. एवढ्या काळात 'इमोटेट' नावाच्या ट्रोजनने, म्हणजे साध्या फाइलच्या वेषात शिरणाऱ्या घातक प्रोग्रामने, जगभरातल्या १६ लाखांहून अधिक संगणकांना ग्रासल्याचं अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केलं. भागाकार करून पाहा. दिवसाला साधारण ५,४७९, म्हणजे रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, दर सोळा सेकंदांना एक संगणक.

आकड्याने डोळे फिरतात, पण शिरण्याची रीत मात्र अगदी साधी होती. ओळखीच्या माणसाचा मेल यायचा आणि सोबत वर्डची फाइल: बिल, पार्सलची पावती, पुढे पुढे कोविडची माहितीसुद्धा. फाइल उघडली की मजकूर पाहण्यासाठी वरचं 'एनेबल कंटेंट' बटण दाबा, अशी सूचना दिसायची. ते दाबलं की फाइलमध्ये दडवलेला मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, जागा व्हायचा, विंडोजच्याच पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या साधनाला हाताशी धरायचा आणि आधीच हॅक केलेल्या एखाद्या वेबसाइटवरून खरा ट्रोजन उतरवून घ्यायचा. मग तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, नोंद करून ठेवायचा, म्हणजे संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी हा हजरच. स्क्रीनवर काहीही वेगळं दिसत नसे.

पुढची चाल मला सर्वांत घातक वाटते. ट्रोजन त्या संगणकावरचे जुने मेल उचलायचा आणि खऱ्याखुऱ्या संवादालाच उत्तर म्हणून नवी विषारी फाइल पाठवली जायची. गेल्या आठवड्यात तुम्हीच ज्या विषयावर लिहिलं होतं, त्याच विषयाखाली उत्तर आलं तर संशय कसा यावा? फसलेल्या लोकांना बेफिकीर म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

२०१४ मध्ये इमोटेट आला तेव्हा त्याचा डोळा बँक खात्यांवर होता. नंतर त्याच्या मालकांनी धंदाच बदलला. संगणकात आपण शिरायचं आणि तिथली वाट दुसऱ्या टोळ्यांना विकायची. त्या वाटेने ट्रिकबॉट हा दुसरा ट्रोजन यायचा, त्याच्यामागून र्‍यूक हे खंडणीखोर सॉफ्टवेअर, आणि मग सगळ्या फाइलींना कुलूप. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲलनटाउन शहराच्या महापालिकेत इमोटेट घुसला, तेव्हा सफाईचा खर्च सुमारे १० लाख डॉलर सांगितला गेला.

२७ जानेवारी २०२१ रोजी युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेने त्याचा पाडाव जाहीर केला. नेदरलँड्स, जर्मनी, फ्रान्स, लिथुआनिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि युक्रेन अशा आठ देशांच्या पोलिसांनी मिळून शेकडो सर्व्हरचं जाळं ताब्यात घेतलं होतं. डच पोलिसांना त्यात सुमारे ६ लाख ईमेल पत्ते पासवर्डसकट सापडले. एफबीआयने नंतर ४३ लाखांहून अधिक पत्त्यांची यादी 'हॅव आय बीन प्वन्ड' या, आपला पत्ता चोरीला गेला का ते तपासू देणाऱ्या सेवेकडे सोपवली. सेकंदाला एक पत्ता या वेगाने अखंड वाचत बसलं, तरी ती यादी संपायला जवळजवळ पन्नास दिवस लागतील.

मग ट्रोजन काढला कसा? पोलिसांनी ताब्यातल्या सर्व्हरवरूनच बाधित संगणकांना स्वतःची फाइल पाठवली. २५ एप्रिल २०२१ ला त्या फाइलने इमोटेटची सर्व्हिस आणि रजिस्ट्रीतली नोंद पुसली. पण इमोटेटने आधी आत आणलेल्या दुसऱ्या कशालाही तिने हात लावला नाही. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द इमोटेट परतला. या वेळी ट्रिकबॉटने त्याला आत आणलं. मार्च २०२३ मध्ये तर त्याच्या वर्ड फाइली ५०० एमबीहून मोठ्या फुगवलेल्या होत्या, कारण एवढी मोठी फाइल काही अँटिव्हायरस तपासतच नाहीत. त्यात भरलेले होते नुसते शून्य बाइट, त्यामुळे झिप केली की ती एवढीशी व्हायची.

घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकात असं काही शिरल्याची शंका आली, तर पहिल्यांदा वायफाय बंद करा, नेटची केबल काढा. ट्रोजनला हुकूम बाहेरून येतात आणि शेजारच्या संगणकांवर तो नेटवर्कमधूनच पासवर्ड ताडून पाहत असतो. म्हणून एकच यंत्र साफ करून भागत नाही, त्या नेटवर्कवरची सगळी तपासावी लागतात. विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा, कारण ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं आणि ट्रोजनला लपायला सवड मिळत नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर असे घुसखोर प्रोग्राम (बॉट) काढण्याची साधनं २०१७ पासून फुकट मिळतात. तरी ट्रोजनने मागून आणखी काय आणलं असेल ते सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर स्वच्छ बॅकअप हाताशी असेल तेव्हा डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा उपाय, मग त्यात दिवस गेला तरी चालेल.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून. मेलचा सर्वांत आधी, मग बँकेचा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि ज्यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार चालतो त्यांनाही मेल न करता फोनच करून सांगा, की माझ्या नावाने फाइल आली तर मला विचारल्याशिवाय उघडू नका.