बिरोबा अजून जन्मायचा आहे

कोल्हापुरात राहून गाण्याविषयी चार ओळी लिहायच्या, तर आधी कानाच्या पाळीला हात लावून अल्लादियाखाँसाहेबांचे नाव घेतले पाहिजे. १८९५ च्या सुमारास खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि तेव्हापासून या गावाने आपल्या कानांचा फार अभिमान बाळगला आहे. माझे वडीलही त्याच पंथातले. देवल क्लबातली बैठक ऐकून ते घरी आले, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या घरात कोणी भांडे आपटायचे नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला चाळिशी उलटल्यावर धनगरी ओवीचे वेड लागावे, हे कुळाला शोभणारे नव्हे. पण लागले खरे. आणि वेड लागलेला माणूस आपल्यासारखे आणखी वेडे हुडकत फिरतो, तसे मलाही तिघे सापडले.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, एक एस. टी.चे कंडक्टर आणि एक शिंपी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन आमची परिषद भरते. कंडक्टरसाहेबांची ड्यूटी गारगोटी-राधानगरीकडे असते, त्यामुळे बकरी कोणत्या शिवारात बसली आहेत याची पक्की खबर त्यांच्याकडे. (आमच्या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात. व्याकरणाचा मास्तर असूनही मी हे कधीच सोडून दिले आहे.) गुरुजींच्या घरी कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक आहे. शिंप्याकडे मोबाईल आहे आणि तो काढण्याचा उत्साहही आहे.

आता ओवी म्हटली, की पांढरपेशा वाचकाला एक तर ज्ञानेश्वरी आठवते, नाही तर जात्यावर बसलेली आजी. धनगराची ओवी या दोघींची बहीण खरी, पण रानात वाढलेली. ती रात्रीची असते. दिवसभर चरून आलेली बकरी कुणा शेतकऱ्याच्या रानात वाघर लावून बसवलेली असतात. त्यांच्या लेंडीमुताने रान खतावते आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. जेवणे झाली, की घोंगड्या पांघरून माणसे कोंडाळे करून बसतात. म्होरक्या एक हात कानावर ठेवतो आणि ओळ टाकतो. बाकीचे ती अर्ध्यावर उचलतात आणि शेवटचा स्वर इतका लांबवतात, की ओळ संपली की डोंगराने ती ओढून घेतली, हे कळू नये. मग गाणे थांबते आणि त्याच दमात कथा सुरू होते, झपाझप, बोलल्यासारखी. तिला सपादणी म्हणतात. पुन्हा गाणे, पुन्हा सपादणी. सण-जत्रेला ढोल आणि कैताळ असतात, रानात कधी नुसती झांज.

यात गोडवा नाही. आवाज खरखरीत, चिरलेला, वाऱ्याशी भांडून कमावलेला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, ही माणसे त्याच त्या तीनचार स्वरांत काय घोळताहेत! मलाही तसेच वाटले होते. तासाभराने लक्षात आले, की घोळत नाहीत, चालताहेत. कळपामागे चालणाऱ्याची ती चाल आहे. पोहोचण्याची घाई नाही आणि थांबण्याची सोय नाही.

हीच ओवी मोठ्या मेळ्यात पाहायची असेल, तर हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीला जावे. दिवाळीच्या आधी तिथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र, कर्नाटकातून धनगर येतात, शेकडो ढोल एकदम घुमतात आणि भंडारा, खोबरे, लोकर यांची अशी उधळण होते, की देऊळ, छत्र्या, माणसे सारी एकाच पिवळ्या रंगाची होतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी आलेले फरांडेबाबा हातात तलवार घेऊन नाचत येतात आणि पावसापाण्याची भाकणूक सांगतात. धुवून धुवून माझ्या एका सदऱ्याचा रंग गेला, पण भंडारा गेला नाही. आमच्या घरी त्या सदऱ्याला ‘यात्रेकरू’ म्हणतात.

विद्वानांचेही या जोडदेवांकडे लक्ष गेले होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले, तेव्हा विठ्ठल-बीरप्पा ही जोडी त्यांच्या साक्षीला उभी होती. आणि गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन पंडित (१९३४-१९९२) तर वाड्यावाड्यांवर धनगरांच्या पंगतीला बसला, अस्खलित मराठीत बोलला आणि रात्र रात्र ओव्या ध्वनिमुद्रित करत राहिला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. परक्याने येऊन आपल्या दाराशी बसावे आणि आपण आत रेडिओ लावावा, असा हा प्रकार. असो.

परक्यांचा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. गेल्या दिवाळीत तो आला, माझ्या ओव्या तासभर निमूट ऐकल्या आणि म्हणाला, “काका, आता माझं ऐका.” त्याने लावले ते तिकडच्या काळ्या शेतकऱ्यांचे ब्लूज, पण मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतले. एरवीचे ब्लूज बारा मापांच्या ठरीव साच्यात तीन स्वरमेळांवरून फिरतात. हे टेकडीवाले मात्र बहुधा एकाच स्वरमेळावर ठाण मांडतात आणि ठेक्याला घुमवत राहतात. फ्रेड मॅक्डॉवेल हा दिवसा शेतात राबणारा माणूस, १९५९ साली ॲलन लोमॅक्सने त्याचे गाणे टिपून घेतले तेव्हा जगाला कळला. ओथा टर्नर (मृत्यू २००३) हा दुसरा शेतकरी वेळूची पिपाणी स्वतः करायचा, ढोलांबरोबर वाजवायचा आणि त्या मेळ्यात बोकड शिजायचा. बोकडापर्यंत आल्यावर कंडक्टरसाहेबांनी मान डोलवून त्या साहेबाला आपल्यात घेतले. ज्युनियर किम्ब्रोच्या गुत्त्यात तर जवळच्या विद्यापीठातली पोरे शेतमजुरांच्या खांद्याला खांदा लावून नाचत. किम्ब्रो १९९८ साली गेला आणि दोन वर्षांनी तो गुत्ताही जळून गेला.

पुतण्या म्हणाला, तिकडेही या गाण्याचे असेच वेडे आहेत. एकमेकांना ध्वनिमुद्रणे देतात आणि खरे कोणते, बाटलेले कोणते, यावर भांडतात.

भांडतो तर आम्हीही. शिंप्याचे म्हणणे, तीन मिनिटांचे चांगले तुकडे काढून मोबाईलवर फिरवले, तर पोरे ऐकतील. गुरुजी म्हणतात, तीन मिनिटांत ओवी बसवणे म्हणजे बकऱ्याची शेळी करून दाखवणे. या भांडणात मी तोंड उघडत नाही, आणि त्याला कारण आहे.

चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ‘लोकधारा’ नावाचा कार्यक्रम ठेवला होता आणि संयोजक मी होतो. कागलकडच्या एका म्हाताऱ्या ओवीकाराला, आबांना, मी हातापाया पडून आणले होते. त्यांच्या वाट्याला पंधरा मिनिटे लिहिली, तीही माझ्याच हाताने. आबांनी कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडले. सुंबरान म्हणजे स्मरण. कथेआधी साऱ्या देवांना नावे घेऊन बोलवायचे असते. आबा एकेका देवाला शांतपणे हाक मारत होते, मागच्या बाकांवरून शिट्ट्या येत होत्या आणि माझे लक्ष घड्याळाकडे होते. चौदाव्या मिनिटाला मी घंटा दाबली. आबा थांबले. घोंगडी सावरीत खाली उतरताना मला एवढेच म्हणाले, “देव अजून बोलवून झालं न्हाईत, मास्तर. आलेलं आता परत कसं जायाचं?”

मी नारळ आणि पाकीट पुढे केले. त्यांनी नारळ घेतला.

त्यानंतर तीन वर्षे मी कागलच्या बाजूला फिरकलो नाही. यंदा माघात कंडक्टरसाहेबांनी खबर आणली, की आबांची बकरी ऊस तुटून गेलेल्या एका रानात बसली आहेत. मला जायचे नव्हते, पण तिघांनी नेले. थंडी मी म्हणत होती. आबा आता वाकले आहेत. शेकोटीच्या उजेडात त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “मास्तर, आज किती मिनटं?”

माझ्याच्याने काही बोलवले नाही. मनगटावरचे घड्याळ काढून मी गुरुजींच्या हाती दिले. आबा हसले नाहीत, पण सरकून त्यांनी मला घोंगडीवर जागा दिली.

सुंबरानालाच रात्रीचे अकरा वाजले असावेत. पूर्वी कोंडाळ्यात बाराजण असत, त्या रात्री पाचच होते. आबांचा नातू ओळ उचलायला बसला होता, पण निम्म्या जागा त्याला ठाऊक नव्हत्या. अडला, की आबा दोन्ही बाजू स्वतःच गात. शिंप्याने मोबाईल काढला होता, मध्यरात्री त्याची बॅटरी संपली आणि त्याने तो खिशात टाकला. मग तो नातवाशेजारी जाऊन बसला आणि कॅसेटींतून पाठ झालेल्या जागा हळू आवाजात भरू लागला. आबांनी डोळे मिटूनच मान हलवली. वाघरीत बकरी अधूनमधून खोकत होती. सुरवंतीच्या पोटी बिरोबा जन्माला आला, तेव्हा चांदणे कलले होते.

तांबडे फुटले. आबांनी कानावरचा हात काढला. देव अजून रांगत होता.

“उरल्यालं?” कंडक्टरसाहेबांनी विचारले.

“आज रातच्याला. पल्याडच्या रानात बसणार हाय बकरी,” आबा म्हणाले आणि वाघर गुंडाळायला उठले.

गुरुजींनी माझे घड्याळ परत केले. साडेसहा वाजले होते आणि साडेसातला माझा पहिला तास होता. मी एस. टी.च्या तिकिटाची पाठ कोरी आहे का पाहिली आणि शिंप्याकडे पेन मागितले. रजेचा अर्ज त्यावर बसला.