पथ्य आईचे, परीक्षा साऱ्या घराची

अशोक विजयादशमी जवळ आली की कोल्हापुरातल्या आपल्या वस्त्यांतून एकच विचारणा सुरू होते, "यंदा नागपूरला कोण कोण निघालंय?" ज्याला चार दिवसांची रजा मिळते तो बायको-मुले, म्हातारी आई, बहीण, मेहुणे असा सारा गोतावळा घेऊन निघतो. आपल्या कष्टकरी कुटुंबांची सहल म्हणजे बहुतेक हीच. नागपूरला दीक्षाभूमी आणि परतताना जमले तर जळगावला उतरून अजिंठा. अभिवादनही होते आणि मुलांना चार गावे बघायला मिळतात.

निघण्याच्या आधी दोन दिवस घरात तयारी चालते. भडंगाचे डबे भरतात, शेंगदाण्याची चटणी कुटली जाते, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे इस्त्री होऊन येतात. सगळ्यांचे सगळे आठवते. विसरते ते एकच, घरातल्या आजारी माणसाचे पथ्य. आणि आजकाल साखरेचा आजार नाही असे घर शोधावे लागते.

हा लेख त्या विसराळूपणावर आहे. उपदेश करण्याआधी आमच्याच घरातली चूक सांगतो.

भुसावळच्या पुढे

2023 ची गोष्ट. आईचे वय तेव्हा बहात्तर. साखर निघून सात-आठ वर्षे झालेली. रोज सकाळी आठच्या ठोक्याला गोळी, मग दीड भाकरी आणि भाजी, हा तिचा नेम. डॉक्टरांनी पथ्य कडक सांगितले होते आणि आम्हीही ते कडक पाळायचे ठरवले होते. आईच्या वेगळ्या डब्यात ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि भाजलेले फुटाणे. आमच्या पिशवीत चिवडा, बुंदीचे लाडू. आईच्या हाताला लागू नये म्हणून साखरेचा कणही बरोबर घेतला नव्हता. आम्हाला वाटले, पथ्याची चोख व्यवस्था झाली.

कोल्हापूरहून थेट जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस दुपारी निघते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर दाखवते. रात्र नीट गेली. सकाळी आईने नेहमीप्रमाणे गोळी घेतली. तेवढ्यात माझा धाकटा मुलगा उठला आणि भूक भूक करू लागला. आईने आपल्या डब्यातल्या उरलेल्या दोन भाकऱ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. भुसावळला आम्ही सगळ्यांनी वडापाव घेतले. आईला ते चालत नाहीत म्हणून तिला कोणी विचारले नाही. तिचा डबा आहे, असे प्रत्येकाने धरून चालले. डबा रिकामा झाला होता हे फक्त तिला ठाऊक होते.

साडेदहाच्या सुमारास आई घामाने भिजली. हात थरथरू लागले. मुलाला भलत्याच नावाने हाक मारू लागली. मला वाटले उकाड्याने झाले असेल. पत्नीला वाटले साखर वाढली. समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या. त्या एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, यांची साखर उतरलीय. साखर द्या आधी!" पण साखर आमच्याजवळ नव्हतीच. त्यांनीच आपल्या पिशवीतली पुडी सोडली, पेल्यात पाणी घेऊन विरघळवली आणि घोट घोट करून आईला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी आई भानावर आली.

"आई, तू खाल्लं नाहीस हे सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"पोरगं उपाशी हुतं. आन् तुमी सगळी खुशीत खात हुता. माज्यापायी कशाला खोळंबा?"

या उत्तरापुढे मी काय बोलणार? आईचे पथ्य आम्ही डब्यात घातले आणि झाकण लावून मोकळे झालो होतो. ते पथ्य तिच्या एकटीचे झाले होते. जन्मभर आधी दुसऱ्याच्या ताटात वाढून मग उरेल ते खाणाऱ्या बाईकडून आम्ही अशी अपेक्षा केली की प्रवासात तिने स्वतःचा डबा राखावा. पथ्य मोडण्याचे कारण दर वेळी जिभेचे लाड हेच नसते. कधी माया असते, कधी संकोच असतो.

"नको" म्हणणे इतके जड का जाते?

नागपूरला पोचल्यावर दुसरी परीक्षा. दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर किती संस्था, मंडळे भोजनदान करतात ते तुम्ही पाहिलेच आहे. पुरी-भाजी, मसालेभात, खिचडी, वर बुंदी नाहीतर जिलेबी. वाढणारा तरुण हात जोडून म्हणतो, "आजी, घ्या ना, बाबासाहेबांच्या नावानं आहे." आता याला नाही कसे म्हणायचे?

आपल्या समाजाला अन्न नाकारणे अवघड जाते, याला इतिहास आहे. ज्यांच्या हातचे कोणी पाणी प्यायले नाही, ज्यांना हॉटेलच्या बाहेर वेगळ्या कपात चहा मिळाला, त्यांची आपण मुले-नातवंडे. आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. स्वतः महाराज तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावीत. तो एक कप चहा म्हणजे माणुसकीची लढाई होती. म्हणून आपल्याकडे पुढे केलेला चहा परत करणे अपमानासारखे वाटते. पाहुणा चहा नको म्हणाला की घरधनीण लगेच विचारते, "आमचा चालत नाही का?"

पण बंधू-भगिनींनो, विटाळ मानून नाकारणे वेगळे आणि तब्येत सांभाळण्यासाठी नाकारणे वेगळे. पहिल्यात समोरच्याचा अपमान आहे, दुसऱ्यात नाही. "बिनसाखरेचा द्या" असे म्हणून तोच चहा प्यायला तर मानही राहतो, पथ्यही राहते. बुंदी नको, पण भाजी अजून एक पळी वाढा, असे सांगितले तर वाढणाराही खूश होतो. हे आम्ही तिथे प्रत्यक्ष करून पाहिले. एकही तरुण रागावला नाही. उलट एकाने सांगितले, "माझ्या आईलापण शुगर आहे."

भगवान बुद्धांनी राजाला काय सांगितले?

कोसल देशाचा राजा पसेनदी अति खाणारा होता. द्रोण नावाच्या मोठ्या मापाचा भात एका बैठकीला खायचा. एकदा जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही. जो जागरूक राहून जेवणाचे प्रमाण जाणतो त्याला त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती म्हणण्याचे काम त्याला दिले. त्यासाठी रोज शंभर कहापण, म्हणजे त्या काळची नाणी, देऊ केली. हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे लहानशा मापाच्या भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, हा बदल हळूहळू झाला. दोन, एवढ्या मोठ्या राजालासुद्धा एकट्याने पथ्य जमले नाही. ताटाजवळ आठवण करून देणारे माणूस लागले.

ज्यांनी उग्र तप करून शरीर झिजवले आणि ते निष्फळ आहे हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली, त्या तथागतांचा हा मार्ग आहे. उपाशी राहणे म्हणजे पथ्य नव्हे, हे आम्ही भुसावळच्या पुढे शिकलो. वेळेवर, मोजके आणि योग्य खाणे हा पथ्यातला मध्यम मार्ग.

बाबासाहेब आणि माईसाहेब

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने ते बेजार असत. मुंबईच्या डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत. तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला, आणि त्या आपल्या माईसाहेब झाल्या. पुढची साडेआठ वर्षे बाबासाहेबांचे खाणे-पिणे, इन्सुलिन, विश्रांती यांवर त्यांनी डॉक्टरच्या नजरेने लक्ष ठेवले.

11 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला आले तेव्हा माईसाहेब आणि नानकचंद रत्तू सोबत होते. 14 ऑक्टोबरला लाखोंच्या समोर ते उभे राहिले ते हातात काठी आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर ठेवून. दोन दिवसांनी चंद्रपूर, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद. इतक्या आजारी शरीराने झालेल्या या प्रवासांत त्यांच्यासोबत काळजी घेणारी माणसे होती. आपण दीक्षाभूमीवर जाऊन त्या पावन क्षणाला वंदन करतो, तेव्हा त्या काळजीलाही वंदन करायला हवे. आणि आपल्या सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसाची तशीच काळजी घ्यायला हवी.

आम्ही काय बदलले

2024 ला पुन्हा गेलो. या वेळी आईसाठी वेगळा डबा नव्हता. सगळ्यांसाठी एकच शिदोरी, ज्वारीच्या भाकरी, झुणका, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, चटणी, काकडी, उकडलेली अंडी, फुटाणे. कोरडी उसळ आणि अंडी पहिल्या संध्याकाळी संपवली. भाकरी-चटणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. लाडू घेतलेच नाहीत. मुलांनी पहिल्या दिवशी तोंडे वाकडी केली, मग भूक लागल्यावर मुकाट्याने खाल्ले. खर्चही कमी आला. मी कारकून माणूस, म्हणून हिशेब लिहून ठेवला होता. वडापाव, बिस्किटे, थंड पेये यांवर आदल्या वर्षी गेलेले बरेचसे पैसे वाचले.

आणि धाकट्या मुलाला आम्ही आजीचा सुदस्सन केले. त्याच्याकडे घड्याळ. आजीची गोळी, तिचे खाणे आणि मधल्या वेळचे मूठभर फुटाणे यांची आठवण त्याने करायची. त्याने ते काम इतके मनावर घेतले की आई शेवटी म्हणाली, "ह्यो तर डाक्टरापेक्षा कडक हाय!"

ज्या घरात हा आजार आहे त्यांनी निघताना एवढे जरूर करावे.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून प्रवासातल्या गोळीची वेळ विचारावी. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या घेऊन वेळेवर खाल्ले नाही तर साखर धोकादायक उतरू शकते. जेवण हाताशी असल्याशिवाय अशी गोळी घेऊ नये. मात्र प्रवास आहे म्हणून आपल्या मनाने औषध बंदही करू नये.

साखरेची पुडी किंवा ग्लुकोजचा डबा जवळ असावाच. घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. रक्तातली साखर 70 च्या खाली म्हणजे धोका. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे नाही वाटले तर पुन्हा द्यावी, आणि मग भाकरी-पोळी खायला घालावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

औषधे हातातल्या पिशवीत, दोन दिवस जास्तीची. इन्सुलिन उन्हात ठेवू नये, बर्फालाही चिकटवू नये. चालू बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली तरी प्रवासापुरते भागते.

गूळ चालतो हा आपल्या कोल्हापूरकरांचा लाडका गैरसमज आहे. गुळाच्या चहानेही साखर वाढतेच. नागपूरचे एखादे संत्रे खावे, संत्रा बर्फी मात्र दुरून पाहावी.

पायांना जपावे. या आजारात पायाची जाणीव कमी होते, जखम कळत नाही. सहलीसाठी हौसेने नवी कोल्हापुरी चप्पल घालू नये, ती चावते. जुनी, पायात बसलेली पादत्राणे घालावीत आणि रात्री झोपताना तळवे पाहावेत. अजिंठ्याला पायऱ्या आणि चालणे बरेच आहे. वर चढण्याआधी थोडे खाऊन घ्यावे.

मंडळांना एक विनंती

भोजनदान करणाऱ्या आपल्या मंडळांनाही हात जोडून सांगावेसे वाटते. ऑक्टोबरमध्ये नागपूर, डिसेंबरमध्ये चैत्यभूमी, एप्रिलमध्ये जयंती, वैशाखात बुद्ध पौर्णिमेची खीर, अशा साऱ्या ठिकाणी एका टेबलावर भाकरी, उसळ, काकडी आणि बिनसाखरेचा चहा ठेवा. वर पाटी लावा, "शुगर असणाऱ्यांसाठी". खर्च वाढणार नाही. ज्या म्हाताऱ्या बाया संकोचाने काही बोलत नाहीत, त्यांना मागावे लागणार नाही.

आपल्या आयांनी आपल्यासाठी उपास काढले, मोलमजुरी करून शिकवले. आता त्यांच्यापैकी कोणी आपल्यासोबत गाडीत बसली असेल तर भुसावळ येण्याची वाट पाहू नका. तिचा डबा उघडून बघा आणि विचारा, "आई, तू खाल्लंस का?"

जयभीम.