एक्स-रे नॉर्मल, तरी चालता येईना? टाचेमागची तुटलेली शीर एक्स-रेत दिसत नाही

कबड्डी खेळताना किंवा भरतीसाठी पळताना टाचेमागे अचानक 'टक्' असा आवाज होतो. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून पाहावं तर मागे कुणीच नसतं. एक्स-रे काढला तर हाड शाबूत. मग 'मुरगळलंय' म्हणून मालिश आणि शेक सुरू होतो. गडबड होते ती इथेच.

तुटतं ते काय?
पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी म्हणजे अकिलिस टेंडन. बोलताना तिला 'शीर' म्हणतात, पण ती रक्ताची शीर नव्हे, कंडरा आहे. शरीरातली ही सर्वांत मजबूत कंडरा बहुतेक वेळा टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरवर तुटते.

डॉक्टर आधी काय पाहतात?
रुग्णाला पालथं झोपवून, पाऊल पलंगाबाहेर ठेवून पोटरी दाबतात. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं. हललं नाही तर ती तुटल्याची दाट शंका. रुग्णाने स्वतः पाऊल हलवलं म्हणून निर्धास्त राहू नये, कारण इतर स्नायूही ते काम थोडंफार करतात.

कोणत्या तपासणीत काय दिसतं?
• एक्स-रे: हाड मोडलं आहे का, टाचेचं हाड वाढलं आहे का, हे कळतं. कंडरा नीट दिसत नाही.
• सोनोग्राफी: कंडरेची सूज, जाडी आणि तुटलेल्या टोकांमधलं अंतर दिसतं. पाऊल हलवून तपासता येतं. एमआरआयपेक्षा खर्च कमी.
• एमआरआय: निदान पक्कं होत नसेल, इजा जुनी असेल किंवा ऑपरेशन ठरवायचं असेल तेव्हा उपयोगी. प्रत्येकाला लागतोच असं नाही. शरीरात पेसमेकर किंवा धातू असल्यास आधीच सांगावं.

उशीर का नको?
लवकर कळलं तर काहींची कंडरा प्लास्टर किंवा खास बुटाने, विनाऑपरेशनही जुळते. महिना उलटला की टोकं लांब सरकतात, पोटरी बारीक होते आणि उपचार अवघड होतात.

म्हणून 'टक्' आवाज झाला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर मालिश करू नका. पायावर भार न देता लवकरात लवकर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला तरी एवढं जरूर विचारा: "शीर तपासली का? सोनोग्राफी लागेल का?"