वायफायची किल्ली कोणाकडे?

मैत्रिणींनो, गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा कॉक, विजेचा मेन स्विच कुठे आहे हे आपण झोपेतही सांगू. पण भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या वायफायच्या डबीचं काय? ‘त्यातलं मला काही कळत नाही बाई, मुलगाच बघतो,’ असं आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणी सहज सांगतात. मुलगा शिकायला पुण्याला गेला की मग वायरमनची वाट बघत बसायचं! खरं तर शिकायचे शब्द जेमतेम सात-आठच आहेत.

सुरुवात नळापासून करू या. नगरपालिकेचं पाणी पाइपातून घरापर्यंत येतं, तसं इंटरनेट तारेतून येतं. ते घरात वाटून देणारी डबी म्हणजे राउटर. आणि राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंतची बिनतारी वाट म्हणजे वायफाय. म्हणजे वायफाय आणि इंटरनेट एक नव्हे! मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात, तरी काहीच उघडत नाही, तेव्हा बहुधा घरातला नळ ठीक असतो, पाणीच वरून आलेलं नसतं. तक्रार करताना एवढं नेमकं सांगितलं, तर समोरचाही नीट ऐकून घेतो.

पुष्कळ राउटरवर दोन ‘बँड’ असतात. २.४ गिगाहर्ट्झचा बँड लांबवर पोचतो, भिंतीही ओलांडतो, पण त्याचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण दोन भिंतींतच दमतो. तेव्हा मागच्या स्वयंपाकघरात पहिला घ्यावा आणि राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला दुसरा.

आता महत्त्वाचे शब्द. ‘एसएसआयडी’ म्हणजे आपल्या नेटवर्कचं नाव, जणू दारावरची पाटी. ती शेजारीपाजारी सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर आडनाव, फ्लॅट नंबर नको. पासवर्ड ही किल्ली, आणि ‘एन्क्रिप्शन’ हे कुलूप. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ असेल तर कुलूप चांगलं. ‘डब्ल्यूईपी’ हे जुनं कुलूप संशोधकांनी २००१ मध्येच फोडून दाखवलं होतं. आणि ‘ओपन’ लिहिलेलं असेल, तर दार सताड उघडं!

उघड्या दाराने काय होतं? २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत तपास पोचला आपल्या नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरात. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. कारण घरातले दहा मोबाइल असोत की बाहेरचा एक चोर, त्या राउटरवरून जे जातं, त्यावर बाहेरच्या जगाला पत्ता आपलाच दिसतो. त्याला ‘आयपी अॅड्रेस’ म्हणतात.

म्हणून वायरमन डबी बसवून निघण्याआधी त्याला दोन प्रश्न जरूर विचारा. ‘दादा, कुलूप कोणतं लावलंत?’ आणि ‘राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदललात का?’ हा दुसरा पासवर्ड वेगळा बरं का! वायफायचा पासवर्ड ही खोलीची किल्ली, तर अॅडमिनचा म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. जुन्या डब्यांवर तो अनेकदा नुसता ‘अॅडमिन’ एवढाच असतो, आणि हे चोरालाही ठाऊक असतं. दोन्ही पासवर्ड स्वतः ठरवा, निदान बारा अक्षरांचे. मुलांची नावं, जन्मतारखा नकोत. शेजारच्या भाचरांना, पाहुण्यांना द्यायचं असेल, तर राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय आहे का ते बघा. ती असली तर पाहुण्यांना ओसरी मोकळी आणि माजघर बंद.

आता तर आपली बँक, रेशन कार्ड, लेकरांचे प्रवेश अर्ज सगळं याच वाटेने जातं. कपाटाच्या किल्ल्या आपण कमरेला लावतो ना? मग ही एक किल्लीही त्याच जुडग्यात असू द्या!