डेक, घराचा
घराला लागून अथवा अंगणात स्वतंत्रपणे, जमिनीपासून काही उंचीवर खांबांच्या आधाराने उभारलेली आणि सामान्यतः वरून उघडी असलेली फळ्यांची सपाट बैठक. जहाजाच्या तक्तपोशीचे नाव या बैठकीला मिळाले आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांत घराला असा डेक जोडण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष रूढ झाली. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या कडीपाटाशी याच्या रचनेचे साम्य आहे. मात्र कडीपाट छपराखाली कोरडा राहतो, तर डेकला ऊन, पाऊस, हिम, कवके व वाळवी यांना सतत तोंड द्यावे लागते. त्यामुळे त्याच्या सामग्रीची निवड हा शोभेपेक्षा टिकाऊपणाचा व सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

रचना : खांब, त्यांवरील तुळया व तुळयांवरील कड्या मिळून डेकचा सांगाडा होतो. वरच्या फळ्या व कठडा हा त्याचा दर्शनी भाग होय. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत डेकसाठी दर चौ. मी.ला सु. १९५ किग्रॅ. चल भार धरतात. हा सर्व भार सांगाडा पेलतो. फळी खराब झाल्यास ती लगेच दिसते व बदलता येते; कडी मात्र दृष्टीआड कुजत राहते. म्हणून खर्चाची मर्यादा असल्यास आधी सांगाड्याकडे व मग फळ्यांकडे लक्ष देणे इष्ट असते.

नैसर्गिक टिकाऊ लाकूड : लाकूड कुजविणाऱ्या कवकांना ओलाव्याची गरज असते. लाकडातील जलांश २० टक्क्यांच्या आत राहिल्यास ती सहसा वाढत नाहीत. रेडवुड व वेस्टर्न रेड सीडार या वृक्षांच्या मध्यकाष्ठात कवकरोधक द्रव्ये असल्याने ते उघड्यावरही टिकते. परंतु त्याच वृक्षांचे रसकाष्ठ लवकर कुजते. सागाच्या बाबतीतही हाच भेद असल्याने केवळ लाकडाच्या नावावरून त्याची प्रत ठरविता येत नाही. दक्षिण अमेरिकेतील ईपे हे लाकूड जवळजवळ पाण्याइतके जड व अतिशय कठीण असून त्यात आधी छिद्र पाडूनच स्क्रू बसवावे लागतात. अतितोडीमुळे या गटातील वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नोव्हेंबर २०२४ पासून साइट्स करारान्वये नियंत्रण आहे.

परिरक्षित लाकूड : पाइनसारखे स्वस्त लाकूड बंद नळकांड्यात ठेवून आतील हवा काढून घेतात व परिरक्षक विद्राव दाबाखाली त्यात मुरवितात. अशा विद्रावांपैकी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी शोधून काढले. यातील तांबे कवकांना व आर्सेनिक कीटकांना मारक असून क्रोमियममुळे ती लाकडात पक्की बसतात. हे मिश्रण पुढे जगभर वापरात आले. तथापि लाकडाच्या पृष्ठभागावरील आर्सेनिक लहान मुलांच्या हातांवाटे पोटात जाण्याची भीती निर्माण झाल्याने अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून बहुतेक घरगुती कामांसाठी त्याचा वापर थांबविण्यात आला. त्याची जागा तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या आर्सेनिकविरहित परिरक्षकांनी घेतली. त्यापूर्वीचे डेक अनेक ठिकाणी अजून उभे आहेत. त्यांचे लाकूड कधीही जाळू नये, कारण धूर व राख दोन्ही विषारी असतात. परिरक्षित लाकडातही जमिनीस टेकणारे व जमिनीपासून दूर राहणारे असे वेगळे प्रकार असतात. लाकूड कापल्यावर उघड्या पडलेल्या टोकांना पुन्हा परिरक्षक लावावे लागते.

संमिश्र फळ्या : लाकडाचा भुसा व पॉलिएथिलीनसारखे प्लॅस्टिक यांपासून केलेल्या फळ्या १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आल्या. त्यांना रंगरोगण लागत नाही व त्यांच्या कुसळ्या निघत नाहीत. मात्र त्या लाकडापेक्षा कमी ताठ असून दीर्घकाळ भाराखाली वाकतात, म्हणून त्यांचा उपयोग सांगाड्यासाठी करीत नाहीत. त्यांच्याखालील कड्यांमधील अंतर सामान्यतः ४० सेंमी.पेक्षा अधिक ठेवीत नाहीत. कडक उन्हात त्या बऱ्याच तापतात व प्रसरण पावतात. त्यामुळे टोकांशी फट सोडावी लागते.

जोडसाहित्य : परिरक्षित लाकडातील तांब्यामुळे साधे पोलाद व ॲल्युमिनियम यांचे संक्षारण होते. म्हणून खिळे, स्क्रू, बोल्ट व पट्ट्या जाड जस्तलेपाच्या किंवा अगंज पोलादाच्या असाव्या लागतात. समुद्रकिनाऱ्यावर अगंज पोलादच श्रेयस्कर होय. भिंतीला बसविलेली आधारपट्टी हा डेकचा सर्वांत नाजूक भाग होय. ती केवळ खिळ्यांनी न ठोकता बोल्टांनी आवळावी व तिच्यामागे पाणी शिरू नये म्हणून वर पत्र्याची अथवा प्लॅस्टिकची झडप बसवावी. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी एका इमारतीचा उंचावरील सज्जा कोसळून सहा तरुण मृत्युमुखी पडले. पाणी मुरून आतील कड्या कुजल्या होत्या.

निवडीची तत्त्वे : डेकची सामग्री त्याच्या स्थानानुसार निवडावी. मातीस वा ओलाव्यास लागणाऱ्या भागांना भूसंपर्काच्या दर्जाचे परिरक्षित लाकूड व काँक्रीटचा पाया, तर पृष्ठभागासाठी हवामान, देखभालीची तयारी व ऐपत यांनुसार लाकूड अथवा संमिश्र फळ्या वापराव्या. फळ्यांमध्ये काही मिलिमीटरांची फट ठेवल्यास पाणी निचरते व खालून हवा खेळते. कोणतेही लाकूड निर्धास्त करणारे नसते. दरवर्षी पावसाळ्यानंतर किंवा हिम वितळल्यानंतर डेकखाली जाऊन कड्या, आधारपट्टी व बोल्ट तपासावेत. टोकदार हत्यार लाकडात सहज रुतल्यास तो भाग तत्काळ बदलावा.